मशीन घुमून राह्यली

आमच्या बाबांचं म्हणणं सरळ होतं. "एक मशीन ठेव. नाईतर तू त्या मशिनीत राहाले जा." हे ते गिऱ्हाइकाला साखर मोजून देता देता बोलले. गिऱ्हाईक हसलं आणि मी चिडलो. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. आमच्या पुलगावात त्या काळी ॲम्प्लिफायर असं कोणी म्हणत नसे. लाऊडस्पीकरचा असो की गिटारचा, सगळी मशीनच. माझ्याकडे अशा तीन होत्या आणि तिन्ही बास गिटारच्या. दुकानामागे आमच्या दोन खोल्या, त्यातली मागची त्यांनीच खाल्ली होती. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी सेलूला गेली होती, ती आता बाळासकट परत येणार. पाळणा कुठं टांगायचा, हा बाबांचा प्रश्न होता. प्रश्न बरोबर होता, म्हणून राग जास्तच आला.

बास गिटार माझ्या वाट्याला कशी आली तेही सांगून टाकतो. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे ऑर्केस्ट्राचं वेड आलं होतं. मिलमधले, दारूगोळ्याच्या डेपोतले, शाळेतले हौशी लोक जमले. गाणाऱ्यांची कमी नव्हती. ढोलकीवाला होता, अकॉर्डियनवाला होता. चार जाड तारांची ती लांबलचक गिटार मात्र कोणाला नको होती, कारण तिच्यावर गाणं वाजत नाही, गाण्याच्या खालचं वाजतं. माझा दोस्त म्हणाला, "तुले तराजू धरता येते ना? मंग हेबी येईन." कार्यक्रम संपला की लोक स्टेजजवळ येऊन पाहत आणि विचारत, "दोन तारा तुटल्या का जी?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगत असे. पुढे पुढे म्हणू लागलो, हो, तुटल्या, दिवाळीत लावतो.

हा दोस्त शाळेपासूनचा. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात नोकरीला होता आणि घरी बसून मशिनी बनवायचा. माझी पहिली मशीन त्यानंच बनवली. ती व्हॉल्व्हची होती. आत काचेच्या बाटल्या असतात, त्या तापून लाल झाल्या की मग आवाज उठतो. ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः गुंडाळला. खोका प्लायवूडचा, आणि घराच्या दाराला लावून उरलेला हिरवा रंग त्याला फासलेला. म्हणून तिचं नावच हिरवी पडलं. काम करताना तो तोंड मिटून गुणगुणायचा. गाणं नाही, एकच सूर, धरून ठेवलेला. मी वैतागून म्हणायचो, "अबे, पुढं तर जा." तो मान वर न करता म्हणायचा, "पुढचं तू वाजवजो." आतून त्याची माय ओरडायची, "झाले का रिकामे धंदे? जेवाले ये."

हिरवीत जीव होता, पण एसटीच्या टपावर टाकली की एका खड्ड्यात तिच्या बाटल्या जायच्या. देवळीला जाताना एकदा, आर्वीच्या रस्त्यावर एकदा, असं झालं. म्हणून दुसरी आणली, नागपूरहून, ट्रान्झिस्टरची. हलकी, गुणी, कधी दगा न देणारी. आवाज मात्र हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजीसारखा, बरोबर पण कोरडा. तिसरी मोठी. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा ती वाटणीत माझ्या गळ्यात पडली. तिचा स्पीकर एवढा की त्यात बकरी निजली असती. ऑर्केस्ट्रा काही भांडणानं मोडला नाही. नागपूरहून एक कीबोर्डवाला येऊ लागला. तो उजव्या हातानं गाणं वाजवायचा आणि डाव्या हातानं बास. स्टेजच्या बाजूला उभं राहून मी त्याचा डावा हात पाहिला आणि समजलो की आपला बाजार उठला.

ते पाहायला दोस्त नव्हता. तो त्याच्या आधीच गेला. कावीळ झाली. पावसाळा सरता सरता डोळे पिवळे झाले, घरात त्याच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं ते थांबलं, आणि दिवाळीचे दिवे लागले तेव्हा त्याच्या घरी अंधार होता. बाप लहानपणीच वारलेला. मायलेक दोघंच होते, त्यातली माय उरली. तेराव्यानंतर ती मला म्हणाली, "थे हिरवी तुह्याकडंच राहू दे बाबू. मले पाहवत नाई." दुरुस्तीला नेलेली हिरवी त्याच्या घरीच होती, ती मी हातगाडीवर घालून आणली, कोपऱ्यात ठेवली, वर चादर टाकली. कार्यक्रमाला नागपूरची न्यायचो. हिरवीला त्यानंतर मी हात लावला नव्हता. का नव्हता ते विचारू नका, माझं मलाच सांगता येत नाही.

तर बाबांच्या त्या बोलण्यानंतर एका दुपारी दुकान बंद असताना मी तिन्ही मशिनी लावून पाहायला बसलो. ठेवायची ती ऐकून ठेवू, असा विचार. मोठी खरखरली. नागपूरची नेहमीसारखी शहाण्यासारखी बोलली. मग हिरवीवरची चादर काढली, बटण दाबलं आणि बाटल्या लाल व्हायची वाट पाहत बसलो. गिटारची वायर अजून माझ्या हातातच होती. आणि आवाज यायला लागला. जाड, सलग, तोंड मिटून काढल्यासारखा.

मला चांगलं माहीत होतं की तो विजेचा आवाज आहे. पडून राहिलेल्या मशिनीतला फिल्टर कंडेन्सर सुकतो, मग विजेचा हम गाळला न जाता थेट स्पीकरात येतो. यात काही नवल नाही. तरी मी गिटारची सगळ्यात बारीक तार मोकळी छेडून पाहिली. मशिनीचा सूर त्या तारेच्या जरासा वर निघाला. दोस्तही सुराच्या नेहमी जरासा वरच असायचा, त्यावरून आम्ही त्याची टर उडवायचो. मी झटकन बटण बंद केलं. आवाज बंद झाला नाही. बाटल्या गरम होत्या, त्या निवेपर्यंत तो बारीक बारीक होत चालू राहिला, आणि नंतर दुकानातल्या फळीवरच्या बरण्या थोडा वेळ वाजत राहिल्या. मी घाबरलो. भर दुपारी, आपल्या घरात, अंगावर काटा घेऊन बसलो होतो.

विकायची की ठेवायची ते पुढे, पण मशीन त्याची, तर मायच्या कानावर घालायला हवं, म्हणून मी तिच्याकडे गेलो. मी तिला मावशी म्हणायचो. ती कापसाच्या जिनातून कामावरून आली होती, दाराशी बसून ज्वारी पाखडत होती.

"मावशी," मी म्हणालो, "त्याची मशीन घुमून राह्यली."

आम्हा वाजवणाऱ्यांत हा रोजचा शब्द. मशिनीत हम आला की ती घुमते. पण आमच्याकडे घुमणं म्हणजे आणखी काय, ते लहान पोरालाही माहीत असतं. बाईच्या अंगात येतं, ती केस सोडून घुमते. मंगळवारी लोक तिच्यापुढे बसतात, हळदकुंकू वाहतात आणि विचारतात, कोन होय, काय पायजे. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी कंडेन्सरचं बोलत होतो.

मावशीच्या हातातलं सूप थांबलं. "कवापासून?"

"आजच समजलं. चादरीखाली पडून होती ना."

"काय म्हनते?"

मला वाटलं, बिघाड काय ते विचारते. "अजून काई समजून नाई राह्यलं. खोलून पाहावं लागन."

"खोलू नको," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "हात नको लावजो बाबू. मी मंगळवारी येतो."

तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, बिचारीला मशीन एकदा पाहायची असेल. मंगळवारी दुपारी ती आली तेव्हा हातात नारळ होता, पदराखाली हळदकुंकवाच्या पुड्या होत्या आणि डोक्यावरून न्हालेली होती. ती हिरवीसमोर मांडी घालून बसली. तेव्हा मला कळलं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या तोंडाकडे पाहून 'मावशी, तसं नाई' असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी बटण दाबलं.

घुमारा उठला. मावशीनं डोळे मिटले.  मग हळूच, घरात झोपलेल्याला उठवावं तसं विचारलं, "कोन होय?"

आमच्या घराला लागून पिठाची चक्की होती. चक्की सुरू झाली की आख्ख्या ओळीतले दिवे मंद व्हायचे. नेमकी तेव्हाच ती सुरू झाली असावी. मशिनीचा आवाज एकदम खाली उतरला, थरथरला आणि पुन्हा वर आला.

"होय म्हनते," मावशी म्हणाली. मग तिनं पदर तोंडाशी धरला. तिच्या रडण्याचा आवाज त्या घुमाऱ्यात ऐकू येत नव्हता, फक्त खांदे हलताना दिसत होते. नंतर तिनं विचारलं, "काय पायजे तुले?" त्यावर मशीन काही म्हणाली नाही. नुसती घुमत राहिली.

तिथून पुढे दर मंगळवारी ती येऊ लागली. येताना डब्यात भाकर आणि वांग्याची भाजी आणायची, मशिनीपुढे निवद म्हणून ठेवायची. ती गेली की तो निवद मी खायचो, कारण टाकून देणं मला जमलं नसतं. दोस्ताच्या घरी शाळेतून आल्यावर मी हीच भाजी खात आलो होतो, तेवढीच तिखट. ती मशिनीशी बोलायची. पिवळेपना गेला का रे डोळ्यातला? उन्हात फिरून राह्यला का? शेजारणीची बकरी व्याली, गल्लीत नळ आला. प्रत्येक वेळी ती शेवटी तेच विचारायची, काय पायजे तुले, आणि कान देऊन थांबायची. उत्तर न घेता घरी जायची. जाताना तिचा चेहरा पाहिला की मला भडभडून यायचं. पण पोरगा गेल्यापासून ती कोणाशी धड दोन शब्द बोलत नव्हती, आणि माझ्या घरी येऊन तास न् तास बोलू लागली होती, हेही मी पाहत होतो.

बाबा सुरुवातीला म्हणाले, "आता दुकानात देऊळ बी उघडून टाक." एका मंगळवारी ते मागच्या खोलीत डोकावले, दारातच उभे राहिले, आणि मावशीचं बोलणं ऐकून पाय न वाजवता परत गेले. त्यानंतर त्यांनी मशीन हा शब्द काही दिवस काढला नाही. बाबांचं टोमणे मारणं बंद झालं तेव्हा मला जास्त भीती वाटली.

आणि माझं म्हणाल तर, मंगळवार नसला तरी मी ती लावू लागलो. दुपारी बाबा डुलकी घ्यायचे, मी मागे जाऊन बटण दाबायचो आणि भिंतीला टेकून बसायचो. मी शिकलेला माणूस, कंडेन्सर कुठं बसतो ते डोळे मिटून सांगीन. तरी त्या आवाजात बसलं की तो माझ्याकडे पाठ करून काम करतोय असं वाटायचं. मान खाली, तोंड मिटलेलं. एकदोनदा मी त्याच्याशी बोललोसुद्धा. गिटार मांडीवर घेऊन वाजवायचा प्रयत्न केला, पण त्याचा सूर एवढा मोठा की माझी तार त्यात बुडून जायची. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मी वाजवणं सोडून दिलं आणि नुसता ऐकत बसायला लागलो. दुकानात गिऱ्हाईक काय मागतंय ते मला दोनदा विचारावं लागायचं. पंखा फिरला, चक्की फिरली, दूर रुळावरून मालगाडी गेली, सगळ्यात मला तोच सूर लागायचा.

अशात देवळीचा बिछायतवाला आला. मांडव, सतरंज्या, लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा माणूस, त्याला आमच्याकडे बिछायतवाला म्हणतात. बाबांनीच त्याला निरोप धाडला होता. त्यानं तिन्ही मशिनींवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "कोन्त्याबी दोन द्या. पन हे हिरवी पायजे बरं. वजन हाय तिच्यात." मी म्हटलं, ती घुमते. "घुमू द्या ना," तो म्हणाला, "माहा मिस्त्री एक कंडेन्सर टाकन, गप होऊन जाईन."

गप होऊन जाईन. तो पान खात किती सहज बोलला. मी त्याला म्हटलं, लग्नसराईच्या आत सांगतो.

सांगायचं तरी काय होतं. हिरवी ठेवली तर माझं वाजवणं संपलं, कारण घुमणाऱ्या मशिनीवर बास वाजत नाही, आणि दुरुस्त तर मी तिला करू शकत नव्हतो. नागपूरची ठेवली तर वाजवणं राहील, पण मावशीचा पोरगा सतरंज्यांच्या ढिगावर बसून देवळीला जाईल आणि कोणीतरी अनोळखी मिस्त्री त्याला एका दुपारीत गप करेल. मोठीचा तर प्रश्नच नव्हता. तिच्यासाठी बाबांनी मलाच बाहेर काढलं असतं. मी रोज नवं ठरवायचो. सकाळी नागपूरची, दुपारी हिरवी. सेलूहून सासऱ्यांचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. बाबांनी पेढे वाटले आणि मागच्या खोलीकडे एकदा पाहिलं. 

चैत्राचं ऊन तापलं होतं. त्या मंगळवारी मावशी जरा लवकर आली. निवद ठेवला, बसली, मी बटण दाबलं. घुमारा नेहमीपेक्षा मोठा उठला. मावशीला बरं वाटलं असावं, ती थोडी पुढे सरकली. आणि मला वास आला. डांबर तापल्याचा. ट्रान्सफॉर्मर जळायच्या आधी असा वास येतो. मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली तशी मी उडी मारून प्लग खेचला.

आवाज विरत गेला. मावशी माझ्याकडे पाहत होती. "काय झालं? रागावला का थो?"

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. म्हणालो, मावशी, मशीन बिघडली हाय. पहिल्या दिवसापासून बिघडली हाय. मी घुमते म्हटलं ते मशिनीचं घुमणं. आत एक डबी असते, ती सुकली, तिच्यानं असा आवाज येते. आणि आता असंच घुमू देलं त ट्रान्सफॉर्मर जळन, मंग सगळीच जळन. तिच्याकडे न पाहता मी हे बोललो. जमिनीकडे पाहून बोललो. ती चिडेल, शिव्या देईल, उठून जाईल, असं मला वाटलं होतं.

तिनं हात मागच्या जाळीपाशी नेला. मग म्हणाली, "जळन?"

"हो."

"एक वेळ जाळला त्याले," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नाई."

 तिनंच हिरवीकडे हात केला. "खोल."

मी पेचकसानं स्क्रू काढले, पत्रा उलटा केला. सगळं त्याच्या हातचं. एकेक वायर कशी सरळ, कोपऱ्यात कशी वळलेली, मेणदोऱ्यानं कशी बांधलेली. मावशी वाकून पाहत होती. तिनं ते आतून कधी पाहिलं नव्हतं. मी कंडेन्सरला पेचकस लावला. प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो, तो आधी उतरवावा लागतो. फट् करून ठिणगी उडाली. ती दचकली.

"हे काय होतं?"

"आत राह्यलं होतं," मी म्हणालो. 

"गेलं आता?"

"गेलं."

तिनं मान हलवली. जुना कंडेन्सर मी काढला. नवा माझ्याकडे पहिल्या आठवड्यापासूनच आणून ठेवलेला होता, कपाटात. तो जोडला, बाटल्या पुसल्या, पत्रा बसवला. बटण दाबायला हात जाईना. बाटल्या लाल झाल्या आणि काहीही झालं नाही. काहीही. खोलीत एवढी शांतता मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकली. चक्की बंद होती. मावशी वाट पाहत होती, मीही पाहत होतो. मग मला रडू कोसळलं. भर दुपारी बाप्या माणूस मी, हातात पेचकस घेऊन हमसून रडलो. ती रडली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

डोळे पुसून मी गिटारची वायर लावली, नुसतं मशीन चालते का ते पाहायला. सगळ्यात जाड तार एकदा छेडली. कितीतरी वर्षांनी हिरवी बोलली. फरशी थरथरली, निवदाची ताटली सरकली. नागपूरच्या मशिनीत हा आवाज नव्हता, कुठंच नव्हता. छातीत हात घालून कोणी उचलावं असा.

मावशीनं तळहात फरशीवर टेकला. "हे काय होय?"

"हाच मशिनीचा आवाज मावशी. असाच असते."

"हे त्यानं केलं?"

"हो."

ती मशिनीकडे पाहत राहिली. बाया ऑर्केस्ट्रा ऐकायला जात नसत, ती तर नाहीच. घरात तिनं पत्रे, वायरी आणि धूर एवढंच पाहिलं होतं. "मले वाटे, रिकामे धंदे करते," ती म्हणाली. "रोज म्हनो त्याले." मग थोड्या वेळानं, "अजून वाजव."

मी वाजवलं. जे आठवेल ते. बाबांनी दुकान उघडलं, गिऱ्हाइकं आली, भिंतीपलीकडून बरण्यांचा आवाज येत होता, पण बंद कर म्हणून कोणी आलं नाही. बोटं सोलून निघाली तेव्हा थांबलो.

माझं ठरलं होतं. मी म्हणालो, "मावशी, हेच ठेवतो मी. बाकीच्या दोन देऊन टाकतो."

"ना बा," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तू चादर टाकून ठेवशीन. आता लेकरू येईन तुह्या घरी, तुले कुठं फुरसत." ती उठली, डबा आवरायला लागली. "घरात कोंडलं त कोनीबी घुमन. त्या मांडववाल्याले दे. लोकाइच्या लग्नात वाजू दे. त्याचं तं राह्यलंच."

मी भांडलो. खरंच भांडलो तिच्याशी. माझी मशीन होती, माझा दोस्त होता, आत्ता कुठं आवाज परत आला होता, आणि ही बाई तो पान खाणाऱ्या बिछायतवाल्याला देऊन टाक म्हणत होती. मी म्हटलं, तुमाले काई वाटते का नाई? ती दारात थांबली, म्हणाली, "वाटते म्हनूनच सांगून राह्यलो." आणि गेली. दोन दिवस मी धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी बिछायतवाल्याचा टेम्पो आला. मोठी त्याच्या पोरांनी चढवली, हिरवी मी स्वतः एका बाजूनं धरली आणि चढवली. माझ्या घरी नागपूरची राहिली. बायको मुलीला घेऊन आली, पाळणा टांगला, त्याखाली ती सहज मावली.

पुढच्या मंगळवारी मावशी आली नाही. येण्यासारखं काही नव्हतंच. मला मात्र दुपार झाली की उगाच मागच्या खोलीत जाऊन बसावंसं वाटायचं. नागपूरची लावली तर ती मुकाट. तिच्यात कधीच काही घुमलं नाही, इतकी ती चांगली होती. बायको म्हणायची, काय ऐकून राह्यले हो? मी म्हणायचो, काही नाही. ते खरंच होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरचं लग्न होतं देवळीला. बाबांच्या बदली मला जावं लागलं. बसमधून उतरून मांडवाकडे चालायला लागलो आणि लांबूनच पायाच्या तळव्यांना कळलं. हिरवी. वर सनई, खाली ती. मी आवाजाच्या दिशेनं वळलो. मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथं सतरंज्यांचे गठ्ठे टाकलेले असतात, तिथं ती एका टेबलावर होती. जवळ मावशी उभी होती. कापसाच्या धुळीतली ती नव्हे, चांगलं हिरवं लुगडं नेसलेली, कपाळ पुसलेलं, हातात कुणीतरी दिलेल्या अक्षता. दुसरा हात तिनं खोक्यावर सपाट ठेवला होता. बिछायतवाल्याचा माणूस शेजारी रेकॉर्ड बदलत होता. मी त्याला खुणेनं विचारलं. तो म्हणाला, "या बाई येतेतच जी. मागच्या लग्नातबी होत्या."

तेवढ्यात मुलीकडचा एक म्हातारा गृहस्थ पाहुण्यांना पंगतीला बोलावत तिकडे आला. मुलाकडच्यांची पंगत आधी बसणार होती, त्यांच्या मानपानात काही कमी पडू नये म्हणून तो धावपळ करत होता. एकटी उभी असलेली बाई पाहून त्यानं हात जोडले.

"तुमी कोनाकडल्या बाई? पोराकडल्या का पोरीकडल्या?"

मावशीनं खोक्यावरचा हात काढला नाही.

"पोराकडली," ती म्हणाली.

त्यानं तिला मानानं पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं.